मदत हवी आहे: भुलीच्या गॅसमुळे आईला कावीळ झाल्याचा संशय, आता पुन्हा ऑपरेशन

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. आई ५८ वर्षांची, वजन जास्त. गेल्या वर्षी इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये तिची गर्भपिशवी काढली. घरी आल्यावर आठवडाभरात थंडी वाजून ताप, मग अंगाला खाज, डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी. एसजीपीटी (लिव्हरला सूज आली की वाढणारी रक्ततपासणी) १४०० च्या वर गेलं होतं. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडे नाहीत. गुळवेल, काढे असलं काही ती घेत नव्हती. रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसले तेव्हा लिव्हरच्या डॉक्टरांनी भुलीच्या गॅसचं नाव काढलं. कावीळ हळूहळू उतरली.

आता टाक्यांच्या जागी मोठा हर्निया झालाय. सर्जन म्हणतात, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, करून टाकू. माझं मन तयार होत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे लिव्हर भरून आलं एवढंच. शरीर तो गॅस विसरलं असं थोडंच आहे?

मला भुलीच्या गॅसबद्दल कळलं ते असं: जुना हॅलोथेन गॅस लिव्हरमध्ये २० टक्क्यांपर्यंत मोडला जायचा, आयसोफ्लुरेन जेमतेम ०.२, डेसफ्लुरेन ०.०२ टक्के. त्यातून निघणारे घटक लिव्हरच्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्यांना परकं समजून हल्ला करतं. म्हणून पहिल्यापेक्षा पुढच्या वेळी धोका जास्त, आणि एका गॅसची ॲलर्जी दुसऱ्यालाही लागू शकते. आईचं तरुणपणी अपेंडिक्सही झालंय, पूर्ण भूल देऊन. सेव्होफ्लुरेन वेगळ्या रीतीने मोडतो, पण मला तोही नको वाटतो.

डिस्चार्ज कार्डावर फक्त 'जी.ए.' (म्हणजे पूर्ण भूल) लिहिलंय. कुठला गॅस दिला ते भूलतज्ज्ञांच्या चार्टवरच असणार, आणि रेकॉर्ड रूमवाले आज-उद्या करतायत. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असा २००२ चा नियम आहे, म्हणून आता लेखी अर्ज देऊन पोच घेणार आहे.

कुणाच्या घरी असं झालंय का? नंतरचं ऑपरेशन गॅसशिवाय, नुसतं शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध देऊन झालं का? तसं करताना मशीनमधून आधीचा गॅस काढून टाकायला वेगळं सांगावं लागतं का? ठाणे, वाशी, नेरूळकडे ऑपरेशनच्या आधी नीट वेळ देऊन बोलणारे भूलतज्ज्ञ माहीत असतील तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. केईएमला लिव्हरचं मत घ्यायला जायचीही तयारी आहे. हर्निया सध्या दुखत नाही, त्यामुळे थोडं थांबता येईल.