विश्वाच्या मोजपट्टीवर माणूस खरोखरच मध्यावर आहे का?

प्रश्न (एक शिक्षक, वेंगुर्ला)

आमच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांसाठी आकाशदर्शनाचा कार्यक्रम घेण्याचे ठरत आहे. पाऊस सरल्यावर कार्तिकातील अमावस्येच्या सुमारास किनाऱ्यावरून देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनाही धूसर ठिपक्यासारखी दिसते. तिच्यापासून सुरुवात करून थेट प्रोटॉनपर्यंतचा लांबीचा पट मुलांपुढे मांडावा, असा विचार आहे. तयारी करताना अनेक ठिकाणी असे वाचले की या पटाच्या बरोबर मध्यावर माणूस येतो. हे विधान खरे आहे का, आणि 'मध्य' कोणत्या अर्थाने घ्यायचा? शिवाय जिथे जाता येत नाही अशी अंतरे आणि जे पाहता येत नाहीत असे कण मोजले कसे, हे मुले विचारणारच. 'शास्त्रज्ञांनी शोधून काढले' एवढे उत्तर देणे मला पटत नाही.

उत्तर १ (गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका, रत्नागिरी)

सर, येथे बेरीज करून निम्मे घेण्यात अर्थ नाही, कारण लहान टोक त्या बेरजेत पार बुडून जाते. दहाच्या घातांच्या पायऱ्या मोजायच्या असतील तर दोन टोकांचा भूमितीमध्य, म्हणजे त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, काढावा लागतो, आणि तो आपल्या दहावीच्या मुलांना ठाऊक असतो.

दृश्य विश्वाचा व्यास सुमारे ९३०० कोटी प्रकाशवर्षे, म्हणजे ९ वर २६ शून्ये इतके मीटर. दुसरे टोक म्हणून बहुतेक जण प्लांक लांबी घेतात, ती १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात इतके मीटर आहे. या दोहोंचा भूमितीमध्य सुमारे ०.१ मिलिमीटर येतो, म्हणजे किनाऱ्यावरील अगदी बारीक वाळूच्या कणाएवढा. माणूस त्याच्या चार पायऱ्या वर आहे. परंतु प्लांक लांबी कोणी मोजलेली नाही. गुरुत्वस्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि प्लांक स्थिरांक यांच्यापासून ती गणिताने तयार होते. तिच्याऐवजी आजच्या प्रयोगांना प्रत्यक्ष जेथवर तपासता आले आहे ते टोक, म्हणजे सुमारे १० चा उणे १९ वा घात मीटर, घेतले तर तोच मध्य जवळपास ९ किलोमीटरवर जातो! वरचे टोकही विश्वाचा शेवट नव्हे. तेथून आजपर्यंत प्रकाश आपल्याकडे पोहोचू शकला, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही टोके आपल्या ज्ञानाची असल्यामुळे मध्यही आपल्याच निवडीने ठरतो. 'माणूस मध्यावर' हे विधान मुलांना सांगू नये, त्यांच्याकडून दोन्ही हिशेब करून घ्यावेत, असे मला आग्रहाने वाटते.

उत्तर २ (हौशी आकाशनिरीक्षक, देवगड)

मोठ्या अंतरांविषयी लिहितो. जवळच्या ताऱ्यांचे अंतर पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्यांच्या जागेत दिसणाऱ्या सूक्ष्म फरकावरून, म्हणजे पराशयावरून काढतात. त्यापुढील वाट हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये उघडली: सेफीड प्रकारच्या रूपविकारी ताऱ्याचा उजळण्या-मंदावण्याचा काळ जितका जास्त, तितके त्याचे खरे तेज अधिक. खरे तेज कळले की तो किती मंद दिसतो यावरून अंतर मिळते. एडविन हबल यांना १९२३ मध्ये देवयानीत असा तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. त्यांचे पहिले अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे होते, पण सेफीड दोन प्रकारचे असतात हे पुढे उमगले आणि आज आपण २५ लाख मानतो.

मुलांना विजयदुर्गाची गोष्ट अवश्य सांगावी. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण आपल्या किनाऱ्यावरून दिसले होते, आणि त्याच्या निरीक्षणाशी संबंधित म्हणून किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आजही दाखवतात. त्या ग्रहणात निरीक्षकांना सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहणाशिवायच, इंग्लंडमधून तिचा अभ्यास केला आणि ती सोडियमची नसल्याचे ओळखले. ती ज्या नव्या मूलद्रव्याची होती, तो हीलियम पृथ्वीवर सापडला १८९५ मध्ये. मिलिमीटरच्या कोट्यंशापेक्षाही लहान अणूच्या आत इलेक्ट्रॉनने घेतलेली उडी, जिच्यामुळे अशी रेषा उमटते, पंधरा कोटी किलोमीटरवरून ओळखता आली. दूरच्या दीर्घिकांचे अंतरही अशाच रेषा तांबड्याकडे किती सरकल्या यावरून ठरवले जाते. आपल्या विषयाची दोन्ही टोके या रेषेत एकत्र येतात, म्हणून मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्ते

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लहान टोकाविषयी कोणी लिहील का? प्रोटॉनच्या आकाराला जसा आकडा दिलेला आढळतो, तसा इलेक्ट्रॉनच्या आकाराला का आढळत नाही?

उत्तर ३ (भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका, चिपळूण)

पाहण्यासाठी वापरलेल्या लहरीपेक्षा फार लहान वस्तू तिच्याने उलगडत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अणूच्या हजारो पट असल्यामुळे कणच कणांवर आदळवावे लागतात, आणि कणाची ऊर्जा जितकी जास्त तितकी त्याची तरंगलांबी कमी. सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी क्वचित एखादा मागे फिरतो, यावरून रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अणुकेंद्रक मांडले. पुढे १९५० च्या दशकात रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळवले. ते बिंदूवरून उसळावेत तसे न विखुरता पसरट वस्तूवरून विखुरल्यासारखे दिसले, आणि प्रोटॉनला आकार आहे हे कळले. आज त्याची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर (१ फेम्टोमीटर म्हणजे १० चा उणे १५ वा घात मीटर) मानतात.

इलेक्ट्रॉनच्या बाबतीत मात्र आजवरच्या प्रत्येक प्रयोगात तो बिंदूसारखाच वागला आहे. कणांच्या टकरी घडवणाऱ्या, सत्तावीस किलोमीटर परिघाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या यंत्रालाही त्याच्या आत काही रचना आढळलेली नाही. म्हणून तुमच्या तक्त्यावर प्रोटॉनपुढे आकडा लिहा आणि इलेक्ट्रॉनपुढे केवळ 'यापेक्षा लहान' असे लिहून प्रयोगाची मर्यादा नोंदवा. शून्य लिहू नका, कारण शून्य असे कोणी मोजलेले नाही.