मदत हवी आहे: कोड टूलच लिहितं, मग मुलाखतीसाठी शिकायचं काय?

फुटाळा_काठ: नागपूरला मिहानमध्ये सॉफ्टवेअरच्या कामाला आहे. एपीआय, युनिट टेस्ट सगळं आता कोपायलटच (कोड लिहिणारं एआय टूल) लिहून राहिलं. दोन मुलाखती झाल्या. दोन्हीकडे कोड लिहायला लावलाच नाही, टूलनं लिहिलेला समोर ठेवला आणि चूक शोधा म्हणाले. अडकलो. हातात तीन महिने आहेत, काय शिकू? लवकर सांगा.

वर्धा_रोड: भाषा कोणती? अनुभव किती? कोडमध्ये होतं काय?

रोज_दोन: लीटकोड (कोडिंगच्या कोड्यांची साइट) करा. रोज दोन मीडियम कोडी, 150 झाले की कुठंही अडणार नाही.

वर्धा_रोड: दादा, त्याला चूक शोधता येत नाही आणि तुम्ही कोडी सोडवायला सांगून राहिले.

रोज_दोन: पाया पक्का नसला तर चूक दिसेल कशी?

फुटाळा_काठ: जावा, स्प्रिंग बूट, डेटाबेस पोस्टग्रेस. 3 वर्षं. ऑर्डरची यादी होती, पानाला 20, सोबत प्रत्येक ऑर्डरमधल्या वस्तू. जॉइन फेच लावलेलं होतं, ऑर्डर आणि वस्तू एकाच क्वेरीत येतात, म्हणजे एन प्लस वन (प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळी क्वेरी) नाही. मला तर बरोबरच वाटलं.

जुना_जावावाला: मेख तिथंच आहे. एका ऑर्डरमध्ये 5 वस्तू असल्या की जॉइननंतर तिच्या 5 ओळी होतात. लिमिट 20 लावलं तर ते ओळी मोजेल, ऑर्डर नाही. म्हणून हायबरनेट (जावातून डेटाबेसला क्वेरी पाठवणारी लायब्ररी) एसक्यूएलमधून लिमिट काढूनच टाकतं, जुळणाऱ्या सगळ्या ओळी मेमरीत ओढतं आणि 20 तिथं कापतं. टेस्टमध्ये 50 ऑर्डर असतात, सगळं हिरवं दिसतं. प्रॉडक्शनला लाखो झाल्या की हीप (प्रोग्रामची मेमरी) भरते. लॉगमध्ये ‘अप्लाइंग इन मेमरी’ अशी वॉर्निंग येते, ती कोणी वाचत नाही.

उपाय: आधी फक्त 20 आयडी आणा, मग तेवढ्याच आयडींवर जॉइन फेच. क्रम लावणारं ‘ऑर्डर बाय’ दुसऱ्या क्वेरीतही लिहा, आयडींची यादी घेणारं ‘इन’ क्रम राखत नाही. ‘फेल ऑन पेजिनेशन ओव्हर कलेक्शन फेच’ ही हायबरनेटची सेटिंग ट्रू ठेवा, म्हणजे वॉर्निंगऐवजी थेट एक्सेप्शन (एरर) येते.

तीन महिने हेच करा. टूलकडून कोड घ्या, पोस्टग्रेसच्या जनरेट सिरीजनं 1 लाख खोट्या ऑर्डर भरा, एसक्यूएल लॉग चालू करा, क्वेरी कशी चालली ते दाखवणारं एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ वाचा.

संत्रा_बर्फी: पुण्यात या. पण हिंजवडीजवळ घर बघताना डिपॉझिट आधी विचारा.

वर्धा_रोड: घराचं कोणी विचारलं, भाऊ? आणि टूलनं वेग वाढतोच असंही नाही. एआय तपासणाऱ्या मेटर संस्थेच्या 2025 च्या चाचणीत 16 अनुभवी डेव्हलपरांना एआय वापरून 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना वाटत होतं की काम लवकर झालं.

जुना_जावावाला: ते सगळे वर्षानुवर्षं ओळखीच्या ओपन सोर्स कोडवर काम करत होते. 3 वर्षंवाल्याला तो आकडा लागू नाही.

फुटाळा_काठ: सेटिंग लावली. आमच्याच रेपोत दोन एपीआयवर एक्सेप्शन आली. एकूण ऑर्डर मोजणारी काउंट क्वेरी वेगळी लिहावी लागेल का?