मदत हवी आहे: मलेशिया पॅकेज घ्यावं का? दोघी जोडपं म्हणून जातोय

मुठाकाठ: एजंटने क्वालालंपूर-लंकावी सुचवलंय. म्हणतो, "दोन बायकांना कोण विचारतंय?" शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत. सप्तरंगी झेंडा लावणारं हॉटेल शोधलं की पुरे का? लवकर सांगा.

तिरफळ: महिना कुठला, किती रात्री, पासपोर्ट कुठला, विमान थेट की मध्ये थांबा?

गिरगावकर: मलेशिया सोडा. तिथे समलिंगी संबंध आजही गुन्हा आहे. तिथल्या दंडसंहितेतलं कलम 377डी दोन बायकांनाही लागू होतं, 2 वर्षांपर्यंत कैद. 2018 मध्ये तिथल्या तेरेंगानू राज्यात शरिया कोर्टाने दोन बायकांना फटक्यांची शिक्षा दिली होती. शरिया फक्त मुसलमानांना लागू, 377डी मात्र सगळ्यांना. बँकॉकला जा. 23 जानेवारी 2025 पासून थायलंडमध्ये समलिंगी लग्न कायदेशीर आहे.

रानभैरी: @गिरगावकर, पर्यटकाला लग्नाचा कायदा काय कामाचा? त्यांचं काम चेक-इनला अडणार. बुकिंगवर एकीचंच नाव असेल तर रिसेप्शन मैत्रिणी समजून दोन वेगळे पलंग देतं. दोघींची नावं घाला.
झेंड्याचं म्हणाल, तर जूनमध्ये, प्राइडच्या महिन्यात, तो मॉलवरही लागतो. बँकॉकमधल्या सीलोम सोई 4 या गल्लीतले समलिंगी बारही बहुतेक पुरुषांसाठीच.

गिरगावकर: पोलिसात जायची वेळ आली तर कायदाच आठवेल. तक्रार द्यायला गेल्यावर आपणच आरोपी ठरायची भीती नसणं, ही पहिली अट.

हिमवाट: नेपाळ का नाही? व्हिसा नको, मतदार ओळखपत्र चालतं. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथे पहिलं समलिंगी लग्न नोंदलं गेलं.

वरणफळ: बँकॉकमध्ये शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं शोधा. ते 'जे' जेवण, कांदा-लसूणही नसतो.

तिरफळ: त्यांनी जेवणाचं विचारलंय का? @मुठाकाठ, उत्तरं द्या की.

मुठाकाठ: डिसेंबर, 6 रात्री, भारतीय पासपोर्ट. परतताना कोलंबोत 14 तास.

तिरफळ: हेच आधी हवं होतं! श्रीलंकेत समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम 365अ अजून आहे, 1995 पासून बायकांनाही लागू. 14 तास म्हणजे हॉटेल घ्यावंसं वाटणारच. मुंबई-बँकॉक थेट विमान घ्या. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पोचण्याआधीच्या 3 दिवसांत भरा. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट खोटी. विमा प्रत्येकीचा वेगळा काढा, आणीबाणीचा संपर्क म्हणून एकमेकींचे नंबर द्या. आपल्याकडे नात्याला कायदेशीर कागद नाही, म्हणून हे लेखी हवंच.

रानभैरी: हात धरून फिरायला हरकत नाही. चुंबन चारचौघांत कुठल्याच जोडप्याने घेतलेलं तिथे रुचत नाही. देवळात खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

मुठाकाठ: एजंटला बँकॉक सांगितलं. म्हणतो, एका पलंगाची हमी मिळत नाही, फक्त विनंती टाकता येते.

रानभैरी: विनंती नको. खोलीचा प्रकारच 'किंग' (एकच मोठा पलंग) असलेली घ्या आणि व्हाउचरवर तो शब्द छापून आल्याशिवाय पैसे भरू नका.