प्रति: किशर कडू का होतो?

किशर, म्हणजे कॉफीच्या फळांच्या वाळलेल्या टरफलांचा येमेनी काढा, कडू झाला म्हणताय, म्हणजे तुम्ही टरफलं कॉफीच्या पुडीसारखी बारीक करून उकळली असणार. तसं करू नका. ती अख्खी, फार तर हाताने चुरडून टाकायची.

दुबईत माझा रूममेट येमेनच्या राजधानीचा, सना शहराचा होता, त्याच्याकडून शिकलो. टरफलं हातात घेतली की मनुकांसारखा वास येतो. चार कप पाण्याला मूठभर टरफलं, एक चमचा सुंठ आणि चवीपुरती साखर. उकळी येऊन फेस वर चढला की भांडं खाली, फेस बसला की परत गॅसवर, असं तीनदा. पहिल्याच दिवशी मी फोनवर बोलत बसलो आणि सगळं उतू जाऊन शेगडी चिकट झाली. रूममेट काही बोलला नाही, फक्त फडकं पुढे केलं! मग पाच मिनिटं झाकून ठेवायचं, गाळ खाली बसतो. रंग तांबूस येतो, चव चहा आणि खजुराच्या मधली. दालचिनी, वेलदोडा ऐच्छिक. दूध मात्र नको.

येमेनमध्ये कॉफीच्या बिया विकायला आणि टरफलं घरी प्यायला, असा जुना हिशोब. कॅफेतलं महागडं 'कास्कारा' म्हणजे हीच टरफलं, फक्त तिथे सुंठ नसते. युरोपियन युनियनने त्याला खाद्यपदार्थ म्हणून परवानगी दिली ती 2022 मध्ये.

आणि हो, यातही कॅफीन असतंच. रात्री जपून.