मदत हवी आहे: सुक्या क्रॅनबेरीतलं करवंद ओळखायचं कसं?

मंडळी, नागपूरच्या इतवारी बाजारात सुटी मिळणारी क्रॅनबेरी कधीकधी साखरेत मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असावं अशी शंका येते. करवंदाशी वाकडं नाही, पण भाव क्रॅनबेरीचा का द्यायचा?

तेलकट चकाकीवरून काही ठरत नाही. खऱ्या क्रॅनबेरीलाही चिकटू नये म्हणून बहुधा सूर्यफुलाचं तेल लावतात. गोडीवरूनही नाही, कारण मूळ फळ इतकं आंबट की सुकवण्याआधी साखरेत मुरवावंच लागतं.

सोड्याची परीक्षा अशी: पाच-सहा दाणे अर्धी वाटी कोमट पाण्यात 15 मिनिटं ठेवायचे, दाणे काढून पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचा. फळाचा स्वतःचा रंग निळसर किंवा हिरवट-करड्याकडे झुकतो. लाल तसाच राहिला तर वरून रंग घातलाय. पण पिकलेल्या करवंदाचा रंगही असाच बदलतो, म्हणजे यात फक्त भेसळीचा रंग पकडला जातो, फळ नाही. बी बघावी तर क्रॅनबेरीची अगदी बारीक, करवंदाची मोठी नि चपटी. बिया काढलेल्या असल्या की संपलं.

बी नसलेल्या तुकड्यात फरक कशावरून करता? अन् नागपुरात फ्रोझन क्रॅनबेरी कुठे मिळते का? सॉससाठी 340 ग्रॅम फळं हवीत (200 ग्रॅम साखर, 250 मिली पाणी, फळं तडकेपर्यंत साधारण 10 मिनिटं). नाहीच मिळाली तर करवंदाला साखर किती वाढवू, आणि चीक आधी कसा काढता?