काळ्या गाडीवरचं जाळं: मशीन लावावं की राहू द्यावं?

गडद_निळा (धागाकर्ता)

वादाला तोंड फोडतो. स्वर्ल मार्क्स (दिव्याखाली रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे बारीक ओरखडे) काढायला घरी पॉलिशर हातात धरण्याचा नाद बहुतेकांनी सोडून द्यावा, असं माझं मत झालंय.

गाडी गडद निळी, रात्री काळीच दिसते. सहा महिन्यांपूर्वी मित्राचं ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरता फिरता डुलतोही असं मशीन) उसनं आणलं आणि दोन दिवस खपलो. आधी क्ले (रंगाला चिकटलेली घाण उचलणारा मातीसारखा गोळा) फिरवली, रबरांना आणि कडांना मास्किंग टेप लावली, मग बॉनेटपासून डिकीपर्यंत एकेक चौकोन घेत गेलो. शेवटी बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा इतकं लख्ख झालं. परवा पार्किंगच्या दिव्याखाली उभी केली, तर दिव्याभोवती पुन्हा तेच कोळ्याचं जाळं!

ओरखडा काही भरून येत नसतो. आजूबाजूचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, एवढंच मशीन करतं. हा क्लिअर बहुतेक गाड्यांवर ४०-५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. गेला की गेला. आणि सहा महिन्यांत जाळं परत येणार असेल तर मी नेमकं काय कमावलं? पांढऱ्या गाडीवरही एवढेच ओरखडे असतात, पण खालून इतका उजेड परततो की ते त्यात बुडून जातात. तो मालक सुखात झोपतो. आपणही झोपायला शिकावं.

साडेतीन_मायक्रॉन

साफ असहमत. आकडा अर्धाच सांगितलात की हो. क्लिअर ४०-५०, पण धुताना पडणारे ओरखडे किती खोल? बहुतेक १ ते ३ मायक्रॉन. मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन ड्युअल अ‍ॅक्शनने चार हात मारले तर जेमतेम एखादा मायक्रॉन जातो. तेवढ्याने गाडी उघडी पडत नाही.

शिवाय ओरखडा तळापासून काढायलाच हवा असंही नाही. त्याच्या धारदार कडा गोल झाल्या तरी उजेड तसा चमकत नाही आणि डोळ्याला तो दिसेनासा होतो.

आरामखुर्ची

गाडी आहे की आरसा? मी लांबूनच बघतो. सगळं छान दिसतं.

रबिंगवाला

मी बारा वर्षं गॅरेजात रबिंग-पॉलिश मारलंय, तेव्हा दोन शब्द. ड्युअल अ‍ॅक्शनने माणूस हळूहळू चुकतो, रोटरीने एका क्षणात. रोटरी एकाच आसाभोवती फिरते, उष्णता एका जागी साठते. कडेवर, बॉडीलाइनच्या उंचवट्यावर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा भार तिथेच येतो. माझ्या हातून एका काळ्या गाडीच्या फेंडरची कड अशी गेली. पॅडवर आधी पांढरट लगदा होता, मग अचानक काळा रंग उतरला. तो काळा डाग बघितल्यावर पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. आख्खा फेंडर पुन्हा रंगवून द्यावा लागला. प्लास्टिकच्या बंपरवर तर जास्तच सांभाळा. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती धरून ठेवतं.

तरी धागाकर्त्याशी सहमत नाही. काळ्या गाडीचं खरं नुकसान 'चमकवून देतो' म्हणणाऱ्या घाईच्या हातांनी होतं. लोकरी पॅड, जाड कंपाउंड (खरखरीत पॉलिश), रोटरी, की झालं काम. सावलीत गाडी झकास. उन्हात काढली की बॉनेटवर मशीनच्या वाटेवाटेने होलोग्राम (घासल्याचे चमकते पट्टे) हलताना दिसतात. त्यापेक्षा घरी दोन दिवस खपणारा बरा.

गेज_बघितलं_का

'एखादा मायक्रॉन जातो' हे साडेतीन_मायक्रॉन यांनी मोजलं कशाने? साधं पेंट गेज पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी दाखवतं. ११५ आकडा आला तर त्यात प्रायमर किती, रंग किती, क्लिअर किती हे ते सांगत नाही. पॉलिशच्या आधी आणि नंतरचा फरक बघू म्हणाल, तर एका पॉलिशमध्ये जेवढं जातं तेवढी गेजची चूकच असते. ११५ चं ११६ झालेलं मी स्वतः पाहिलंय, पॉलिश करून!

गेज कामाचं आहे ते वेगळ्या कारणासाठी. सगळीकडे ११० आणि एका दारावर २५०, म्हणजे ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. एखाद्या जागी ७०-८० आलं, तर आधी कुणीतरी तिथे दाबून घासलंय, हात लावू नका.

आणि आठवण म्हणून: ऊन अडवणारी द्रव्यं या क्लिअरमध्येच असतात. तो पातळ केल्याची शिक्षा लगेच मिळत नाही, काही वर्षांनी छतावर पापुद्रे सुटतात तेव्हा मिळते. तेव्हा पॉलिशर कुणाला आठवत नाही.

साडेतीन_मायक्रॉन

मोजता येत नाही हे मान्य. म्हणून तर पॅड-पॉलिशच्या सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात करायची आणि एका चौकोनावर जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. नखाला अडकणारा ओरखडा सोडूनच द्यायचा. मी तरी शंभर टक्के साफ करा असं कधी म्हणालो?

कापूसकोंड्या

सगळे मायक्रॉनवर भांडताय, पण धागाकर्त्यांना एक साधं विचारायचं राहिलं. पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघितलं होतंत का?

गडद_निळा

नाही. लगेच वॅक्स लावलं. का बरं?

कापूसकोंड्या

कारण जाळं परत आलं की गेलंच नव्हतं, हे त्याशिवाय कळत नाही. पॉलिशमधली तेलं ओरखड्यात बसतात, काहींमध्ये तर भरणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. ती आहेत तोवर गाडी आरशासारखी. चारदोन वेळा शाम्पूने धुतली की तळ उघडा.

दुसरं, मशीन खरंच फिरत होतं का? बॅकिंग प्लेटवर (पॅड जिला चिकटतो त्या चकतीवर) मार्करने एक रेघ मारा. जास्त दाबलं किंवा वळणदार भागावर तिरकं धरलं की प्लेट नुसती थरथरते, रेघ जागच्या जागी दिसते. आवाज तोच येतो म्हणून काम चाललंय असं वाटतं. दोन दिवसांत पॅड किती वापरलेत?

गडद_निळा

पॅड एकच. (हसू नका.)

कापूसकोंड्या

हसत नाही, पण उत्तर मिळालं. निम्म्या गाडीनंतर तो पॅड भिजून लदबदलेला असणार.

गडद_निळा

रविवारी करून बघितलं, प्रामाणिकपणे लिहितो. तीच बाटली, नवा पॅड, डिकीवर दीड फुटाचा चौकोन, भोवती टेप, प्लेटवर रेघ. आडवे दोन, उभे दोन हात. पुसलं, टॉर्च मारला, काही नाही, स्वच्छ. मग अल्कोहोल आणि पाणी फवारून पुसलं आणि टॉर्च पुन्हा धरला. निम्मं जाळं हजर! टॉर्च सरकवला तसं ते टॉर्चच्या मागे सरकलं, कारण ओरखडे सगळीकडे सगळ्या दिशांना आहेत, डोळ्याला दिसतात ते फक्त उजेडाला आडवे असलेले. बाटलीची मागची बाजू आत्ता वाचली: 'पॉलिश आणि ग्लेझ एकत्र'. ग्लेझ म्हणजे ओरखडे भरून झाकणारं तेच द्रव्य.

म्हणजे मी सहा महिने ज्याच्यावर खूश होतो तो निम्मा मेकअप होता.

पण माझा मुद्दा मी सगळा सोडत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या कडीखाली टॉर्च धरला तर तिथे गोल जाळ्याखेरीज सरळ, एकाच दिशेच्या रेघा आहेत. पुसायचा हात जसा जातो तशाच, तिरक्या, वरून खाली. या सहा महिन्यांपूर्वी नव्हत्या, जुने फोटो काढून बघितले. त्या माझ्याच धुळीच्या फडक्याच्या. रोज सकाळी कोरडी धूळ झटकायची सवय आहे मला.

रबिंगवाला

कोरड्या गाडीवर कोरडं फडकं? मग रोज एक हात सॅंडपेपरच मारताय. ते आधी थांबवा, मशीनचं नंतर बघू.

गेज_बघितलं_का

तो डिकीचा चौकोन तसाच ठेवा, दोन बादल्या (एक शाम्पूची, एक खळबळायला साध्या पाण्याची) आणि मिटने (धुण्याच्या मऊ हातमोज्याने) तीन महिने धुवा आणि मग टॉर्च धरा. टेपच्या रेघेच्या आत-बाहेर फरक राहिला तर मशीनचं श्रेय, दोन्हीकडे सारखंच झालं तर तुमचा धागा वर आणू.

आरामखुर्ची

तीन महिने डिकीवर अर्धवट चौकोन घेऊन फिरणार? लांबून मलासुद्धा दिसेल तो.

गडद_निळा

दिसू दे. टेप काढली, चौकोनाच्या कोपऱ्यात चिकटपणाची रेघ राहिली आहे, ती तेवढी खूण म्हणून पुसत नाही.