जुने चार आसनी विमान घेताना इंजिनाचे तास पाहावेत की वय? सल्ला हवा आहे

प्रश्न

खासगी वैमानिकाचा परवाना मिळाल्यापासून स्वतःचे विमान घेण्याचा विचार आहे आणि शोध आता दोन सेसना १७२ विमानांवर येऊन थांबला आहे. पहिले १९७८ चे आहे. ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) त्याचे इंजिन जेमतेम ४०० तास चालले आहे, मात्र त्या ओव्हरहॉलला १८ वर्षे झाली असून अलीकडे विमान बहुतेक काळ उभेच असते. दुसरे १९७५ चे आहे. त्याच्या इंजिनाचे १,५०० तास झाले आहेत, पण ते दर आठवड्याला उडते. पहिल्याची किंमत बरीच जास्त आहे. केवळ कमी तासांसाठी ती मोजावी का, आणि इसार देण्यापूर्वी काय तपासावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

माझे मत स्पष्टपणे दुसऱ्या विमानाच्या बाजूने आहे. या विमानांची इंजिने बनवणारी लायकमिंग कंपनी त्यांच्यासाठी २,००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा ओव्हरहॉल सुचवते. म्हणजे पहिल्या विमानाचे इंजिन तासांनी तरुण दिसले तरी वर्षांच्या हिशेबाने त्याची मुदत केव्हाच उलटली आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसवलेला असतो, त्यामुळे विमान उभे राहिले की त्यावरचे तेल हळूहळू खाली निथळते आणि उघड्या पडलेल्या धातूवर गंजाचे बारीक खड्डे पडू लागतात. पुढे इंजिन चालू झाले की हेच खड्डे टॅपेट (कॅमचा दाब व्हॉल्व्हकडे नेणारा भाग) आणि कॅम (कॅमशाफ्टवरील उंचवटे) दोन्ही झिजवतात. कॅमशाफ्ट बदलण्यासाठी क्रँककेस (इंजिनाचे मुख्य कवच) उघडावी लागते, म्हणजे खर्च जवळपास ओव्हरहॉलइतका होतो.

१९७८ च्या १७२ मध्ये मूळचे इंजिन ओ-३२०-एच२एडी असते आणि कॅम व टॅपेटच्या झिजेसाठी ते विशेष ओळखले जाते. तेच इंजिन अजून आहे का, आणि त्यासाठी सांगितलेले तेलातील पूरक द्रव्य नियमितपणे घातल्याची नोंद लॉगबुकात आहे का, हे अवश्य पाहावे.

केवळ कॉम्प्रेशन चाचणीवर (सिलिंडरमध्ये हवेचा दाब कितपत टिकतो ते पाहणारी चाचणी) विसंबू नये. त्या चाचणीच्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे ८० पैकी ७६ असा उत्तम आकडा आला तरी कॅम झिजला आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते बघणे, बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक दुर्बिणीने) सिलिंडर आतून पाहणे आणि शक्य असल्यास एक सिलिंडर काढून कॅम प्रत्यक्ष डोळ्यांनी तपासणे, हा खरा मार्ग आहे. शेवटच्या तपासणीला विक्रेते सहसा राजी होत नाहीत, तरीही विचारावे.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. तपासणी करणारा मेकॅनिक आपण निवडलेला असावा; विक्रेत्याच्या विमानाची देखभाल करणारा कितीही प्रामाणिक असला, तरी तो स्वतःच्याच कामाची परीक्षा कशी घेणार? लॉगबुके पहिल्या पानापासून सलग आहेत ना, उड्डाणयोग्यतेच्या सर्व निर्देशांची पूर्तता नोंदलेली आहे ना, आणि विमानावर कर्जाचा बोजा नाही ना, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे.

दुसऱ्या विमानाच्या किमतीत मात्र ओव्हरहॉलचा खर्च आजच मिळवून ठेवावा, कारण २,००० पैकी उरलेले ५०० तास दिसतात तितके लांब नसतात. हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी हे खर्च विमान उडो वा न उडो, होतच राहतात. म्हणून वर्षाकाठी थोडेच तास उडणार असाल तर भागीदारीचा विचार करावा. जमेची बाजू अशी, की या जातीची ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली असल्यामुळे सुटे भाग आणि अनुभवी मेकॅनिक मिळणे तुलनेने सोपे जाते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पहिल्या विमानाचे मालक म्हणतात, की ते दर आठवड्याला दहा मिनिटे जमिनीवर इंजिन चालवतात. त्याने गंज टळतो ना?

प्रतिसाद १

नाही, उलट नुकसान होण्याची शक्यता अधिक. ज्वलनातून पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा काही भाग क्रँककेसमध्ये उतरतो. उड्डाणात तेल पुरेसे तापून ती निघून जाते, पण जमिनीवरच्या दहा मिनिटांत तेल तेवढे तापत नाही आणि ओलावा आतच साठत जातो. मालकाचा हेतू चांगला असेल, पण हे ऐकल्यावर मी त्या इंजिनाची किंमत ओव्हरहॉलची वेळ झालेले इंजिन समजूनच लावेन. तेवढ्यावर ते तयार असतील तरच त्या विमानाची तपासणी करून घ्या.